लोहाराची सुरी, घमेल्यातले निखारे आणि रात्री दार लावायच्या आधी

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. चोपड्याच्या वर सातपुड्याच्या पायथ्याला शेतात दोन खोल्या बांधल्यात, वर पत्रे, डिसेंबर-जानेवारीत आईला घेऊन तिथे राहायचंय, रात्री थंडी फार म्हणून घमेल्यात निखारे भरून खोलीत ठेवले तर चालतील का, हे एक. आणि रानात वापरायला हाताने घडवलेली सुरी घ्यायचीय, तर लोहाराकडून ट्रकच्या कमानपट्ट्याची (स्प्रिंगच्या पट्टीची) बनवून घेऊ का ऑनलाइन ती लाटांच्या नक्षीची दमास्कस मागवू, हे दुसरं. धुळ्यात माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे, तीस वर्षं झाली, शेगड्या, बंब, बुखाऱ्या (खोली तापवायच्या लोखंडी शेगड्या) करतो, आणि बारा-तेरा वर्षांपासून हौस म्हणून सुऱ्या घडवतो, म्हणून दोन्हीवर थोडं बोलता येईल.

आधी घमेल्याचं. नाही, चालणार नाही. खिडकी थोडी उघडी ठेवली तरी झोपताना नाही. लोकांना भीती धुराची वाटते, म्हणून आपण काय करतो, शेकोटी बाहेर पेटवतो, धूर संपू देतो, लालबुंद निखारे झाले की म्हणतो आता साफ झालं, आणि घमेलं आत आणतो. खरा धोका तिथेच सुरू होतो. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्याला झोंबत नाही. धूर निदान खोकला तरी आणतो, माणूस उठून दार उघडतो. हा गॅस रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणजे हवेत थोडा असला तरी रक्तात साठत जातो आणि झोपलेला माणूस झोपेतच राहतो. दर हिवाळ्यात उत्तरेकडून अंगीठीमुळे कुटुंबच्या कुटुंब गेल्याच्या बातम्या येतात ना, ते सगळे लोक बावळट नव्हते, त्यांनी पण धूर संपायची वाट बघितलेली असते.

माझंच सांगतो. साक्रीकडे नातेवाइकांच्या शेतावर मुक्काम होता, जानेवारी, कडाक्याची थंडी, बाभळीचे निखारे भरलेलं घमेलं खाटांच्या मधे ठेवलं आणि दार लावून झोपलो. रात्री बायको लघवीला उठली आणि दारात पाय लटपटून पडली, कडी काढताना दार उघडलं गेलं म्हणून गार हवा आत आली. मला आवाज आला पण उठताच येईना, डोकं असं ठणकत होतं की कोणी आतून हातोडा मारतंय. आम्हाला वाटलं संध्याकाळचं भरीत बाधलं. तिला उलट्या झाल्या, मला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोकं जड. भरीत कसलं बाधतंय, तेच भरीत बाहेर मळ्यात झोपलेल्या चौघांनी पण खाल्लं होतं, त्यांना काही नाही. हे माझ्या लक्षात यायला दोन दिवस गेले, आणि मी शेगड्या बनवणारा माणूस.

यावर गावाकडे जे उपाय सांगतात ते पण निकालात काढतो. घमेल्याशेजारी पाण्याची बादली ठेवली की गॅस ओढून घेते म्हणतात, नाही घेत, तो पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. गॅस खाली बसतो म्हणून खाटेवर झोपलं की चालतं म्हणतात, तेही खोटं, तो हवेपेक्षा किंचित हलका असतो आणि सगळ्या खोलीत मिसळतो. आणि कोरोनात घेतलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घरात असेल तर त्याच्यावर विसंबू नका, कारण हा गॅस चिकटलेलं रक्त आणि ऑक्सिजनवालं रक्त त्याला वेगळं ओळखता येत नाही, माणूस बेशुद्ध पडत असताना ते ९८ दाखवू शकतं. एकाच खोलीत दोघांचं डोकं एकदम दुखायला लागलं, मळमळ, पायात जीव नाही असं झालं तर कारण शोधत बसायचं नाही, दार उघडायचं, सगळ्यांनी बाहेर यायचं, १०८ ला फोन करायचा. दवाखान्यात ऑक्सिजन लावतात तोच उपचार. साध्या हवेत रक्तातला निम्मा गॅस जायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास.

तांब्याच्या बंबाला पण हेच लागू, बरं का. मधली नळी आहे म्हणून लोक तो बाथरूममधे लावतात आणि दार बंद करून अंघोळ करतात. बंब अंगणातच शोभतो.

मग ऊब कशी करायची. आपल्याकडे पारा सहा-आठ अंशांवर येतो, धुळ्यात कधी त्याच्याही खाली, पण अशा रात्री वर्षात किती, चाळीस-पन्नास. आपण काही काश्मीरात राहत नाही. त्यामुळे रात्रभर जाळायची गरजच नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. संध्याकाळी दोन-तीन तास खोली तापवायची, भिंती तापल्या की झोपायच्या आधी आग पूर्ण संपू द्यायची, आणि रात्री आईला दोन गोधड्या आणि पायाशी गरम पाण्याची पिशवी. पत्र्याखाली मात्र काहीतरी सीलिंग करा, नुसत्या पत्र्यातून सगळी ऊब वर निघून जाते, तिथे खर्च केलेला पैसा लाकडापेक्षा जास्त ऊब देतो.

तापवायला बंद दाराची बुखारी आणि तिला छपराबाहेर जाणारा पाइप. पत्रा ४ मिमी तरी जाड घ्या, आत फायर ब्रिकचं (भट्टीच्या विटांचं) अस्तर, दाराला काचतंतूची दोरी बसवलेली, म्हणजे हवा फक्त तुम्ही सोडाल तेवढीच आत जाईल. पाइप ६ इंची. कोपर जमलं तर एकही नको, फार तर दोन, प्रत्येक वळणाला धूर वर खेचायची ओढ कमी होते. गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप स्वस्त मिळतो म्हणून लावू नका, तापला की जस्ताचा धूर निघतो, आणि जुना सिमेंट-ॲस्बेस्टॉसचा तर बिलकुल नको, तो तडकतो. साधा एमएस (माइल्ड स्टील) किंवा स्टेनलेस. आता एक गोष्ट जी दहापैकी आठ फिटर उलटी करतात: पाइपचे तुकडे जोडताना वरच्या पाइपचं बारीक तोंड खालच्या पाइपच्या आत गेलं पाहिजे, म्हणजे आत जमलेलं काळं पाणी ओघळून परत बुखारीत जातं. उलटं जोडलं की तेच डांबरासारखं पाणी सांध्यातून बाहेर येऊन भिंतीवर उतरतं, आणि मग लोक म्हणतात बुखारीच खराब.

छपराच्या वर पाइप ३ फूट तरी जायला हवा, आणि १० फुटांच्या आत जे काही उंच आहे, पाण्याची टाकी, दुसऱ्या खोलीचं छप्पर, त्याच्यापेक्षा २ फूट वर, नाहीतर वारा सुटला की धूर उलटा आत. तोंडावर टोपी आणि ठिणग्या अडवायला जाळी, कारण शेजारी तुमचा कडबा किंवा पऱ्हाट्यांचा ढीग असणारच. लाकडी वासे असतील तर नुसत्या पाइपपासून १८ इंच लांब. बुखारीपासून खाट, गोधड्या, लाकडाचा साठा सगळं ३ फूट लांब, याच्यात तडजोड नाही. आणि भिंतीला खाली तीन-चार इंचाचं एक भोक बाहेरच्या हवेसाठी, त्याला उंदराची जाळी लावा, पण थंडी येते म्हणून नंतर त्यात बोळा कोंबू नका, मी असे बोळे स्वतः काढलेत. पहिल्या दोन वेळा बुखारी अंगणात पेटवा, रंग आणि तेल जळून जाऊ द्या.

एवढं सगळं करूनसुद्धा झोपायच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. बॅटरीवरचा मिळतो, ऑनलाइन मागवता येतो. बटण दाबून महिन्यातून एकदा बघायचं, आणि मागे एक्स्पायरी लिहिलेली असते ती वाचायची, कारण सेन्सर म्हातारा होतो. बुखारीवर पैसे खर्च करून अलार्मला नाही म्हणणारी गिऱ्हाईकं मी परत पाठवली आहेत.

आता लाकूड. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं पाणीच असतं, तुम्ही पेटवता तेव्हा आधी ते पाणी उकळायला ऊब जाते, उरलं तर तुम्हाला. ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा. याबाबतीत खान्देश नशीबवान, आपला उन्हाळा म्हणजे फुकटची भट्टी, फेब्रुवारीत फोडून विटांवर हवेशीर रचून ठेवलं तर मे महिन्याच्या ४३-४४ अंशांत बाभूळ खणखणीत वाळते, जूनच्या आधी वरून झाका, बाजू उघड्या ठेवा. ओळखायचं कसं, दोन फोडी एकमेकींवर आपटा, टण्ण वाजलं तर वाळलं, थप्प वाजलं तर थांबा. ओल्या लाकडाचा दुसरा त्रास म्हणजे पाइपच्या आत डांबरासारखा काळा चकचकीत थर बसतो, तो एक दिवस पेटतो, आणि मग पाइपमधून रेल्वे गेल्यासारखा आवाज येतो. तसं झालं तर बुखारीचं दार आणि बुखारीचीच हवा सोडायची खिडकी बंद, सगळे बाहेर, १०१ ला फोन. थर पाव इंच व्हायच्या आत तारेचा ब्रश बांबूला बांधून घासून काढा, हंगामाच्या आधी एकदा आणि मधे एकदा.

बाभूळ आणि वेडी बाभूळ, ही दोन आपली राजा लाकडं, जड, हळू जळणारी, निखारा टिकवणारी. वेडी बाभूळ तर कुठेही माजलेली असते, तोडली तर कोणी रागावत नाही, फक्त काटे. आंबा, चिंच, मोह, अंजन ही झाडं स्वतःच्या बांधावरची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, पडलेली फांदी वेगळी. पऱ्हाट्या आणि तुराट्या पेटवायला झकास पण भुर्रकन जातात, त्या भरताच्या वांग्यांसाठी ठेवा. कण्हेर कधीच जाळू नका, तिचा धूर पण विषारी. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, सनमायका, तेही नको. हिशोब सांगायचा तर बारा बाय बाराच्या खोलीला संध्याकाळी चार-पाच किलो वाळलेलं लाकूड पुरतं, म्हणजे अख्ख्या हंगामाला अडीचशे किलोच्या आसपास, एका ट्रॉलीत दोन-तीन वर्षं सहज निघतील.

बरं, सुरी. इथे मी जरा रमतो, सांभाळून घ्या.

दमास्कस नक्षीच्या मोहात पडू नका. जुन्या काळची ती खरी प्रसिद्ध पोलादं दक्षिण हिंदुस्थानातल्या वूट्झपासून बनायची, मुशीत वितळवलेलं पोलाद, ती गोष्टच वेगळी. आज जे विकतात ते दोन प्रकारची पोलादं एकावर एक रचून घणाने एकजीव केलेली असतात आणि शेवटी फेरिक क्लोराइडमधे बुडवतात, निकेलवालं पोलाद चकाकत राहतं, दुसरं काळं पडतं, झाली नक्षी. चांगला कारागीर ते अप्रतिम करतो, माझ्याकडेही एक आहे, बघायला काढतो. पण स्वस्तात मिळणाऱ्यात आत कोणतं लोखंड आहे आणि त्याला पाणी नीट दिलंय का, म्हणजे लाल तापवून एकदम गार करून कडक केलंय का, हे नक्षीवरून कळत नाही. सुरीचा जीव पाणी देण्यात आहे, आणि ते डोळ्याला दिसत नाही, बाहेरून सगळ्या सुऱ्या सारख्याच चकाकतात.

ट्रकचा कमानपट्टा उत्तम. आपल्याकडे बहुतेक तो ईएन ४५ जातीचा असतो, कार्बन अर्ध्या टक्क्याच्या जरा वर आणि सिलिकॉन भरपूर, म्हणून लवचिक, कोयत्याला आणि रानातल्या जाड सुरीला एकदम योग्य. बेअरिंगचं पोलाद, ईएन ३१, त्यात कार्बन एक टक्का, धार जास्त दिवस टिकते पण घडवायला अवघड आणि चुकलं की तुटतं. फक्त भंगारातला पट्टा घेताना जिथे तो वर्षानुवर्षं वाकलाय तिथे डोळ्याला न दिसणारे तडे असतात, टोकाकडचा भाग मागा.

माझ्या पहिल्या सुरीची हकिगत ऐका. पट्टा लाल केला, वडील विळ्याला पाण्यात बुडवताना पाहिले होते तसं बादलीत बुडवला आणि बारीक टिंग असा आवाज आला. बस. पात्याला आरपार तडा. साध्या विळ्याच्या मऊ लोखंडाला पाणी चालतं, याला तेल लागतं. पाणी देणं म्हणतात म्हणून मी पाणी दिलं. नंतर गावोगाव फिरणाऱ्या एका गाडीलोहार म्हाताऱ्याने मला शिकवलं. मी भर दुपारी अंगणात भाता मारत होतो, तो म्हणाला, "भाऊ, उन्हमा रंग समजस नही, अंधारामा दख." एवढंच बोलला. तेव्हापासून मी भट्टी संध्याकाळी पेटवतो. उन्हात जे काळपट दिसतं ते अंधारात चेरीसारखं लाल असतं, आणि उन्हात तुम्ही लाल होईपर्यंत थांबलात तर पोलाद जळालेलं असतं. जोडीला लोहचुंबक ठेवायचं, साधारण ७७० अंशांना लोखंड चुंबकाला चिकटायचं थांबतं, त्याच्या जरा वर न्यायचं आणि ५०-६० अंशांपर्यंत कोमट केलेल्या तेलात सरळ उभं बुडवायचं, आडवं नाही, नाहीतर केळीच्या पानासारखं वाकतं. तेलाचा भडका उडतो म्हणून लोखंडी डबा, झाकण जवळ, आणि वर गवताचं छप्पर नको.

बाहेर काढलेलं पातं काचेसारखं कडक आणि तेवढंच ठिसूळ असतं, हातातून फरशीवर पडलं तर दोन तुकडे. म्हणून लगेच ओव्हनमधे २०० अंशांना दोन तास, गार करायचं, परत दोन तास. पातं गव्हाच्या काडीसारखं पिवळसर दिसलं की झालं. कोयत्याला जरा जास्त, तपकिरी-जांभळ्याकडे, कारण त्याला मार खायचाय. निळं झालं तर स्प्रिंग झाली, धार धरणार नाही. तुमच्या लोहाराला एवढंच विचारा: पाणी कशात देता, आणि नंतर पाणी उतरवता का, म्हणजे असं परत हलकं तापवता का? दुसऱ्या प्रश्नाला तो हसून "म्हणजे काय" म्हणाला तर दुसरा लोहार बघा. तयार सुरी घेताना धारेजवळ बारीक कानस हलकेच फिरवा, घसरली तर पातं कडक आहे, चावली तर मऊ.

मापं: पातं चार-साडेचार इंच, पाठ ४ मिमी, पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं, दोन-तीन रिबिटांनी बसवलेलं. मोठ्ठी सुरी घेऊन लोक पहिल्या आठवड्यात कंटाळतात. झाड तोडायला कोयता, लाकूड फोडायला कुऱ्हाड, तिचा दांडा धावड्याचा, आणि सुरी बारीक कामाला, ही वाटणी ठेवा. मुठीला अंजन मिळालं तर भाग्य समजा, इतकं जड लाकूड की पाण्यात बुडतं, पण कानस घासून घासून हात मोडतात, नवख्याला शिसम बरं. मूठ गुळगुळीत चकचकीत नको, ओल्या हातात सटकते. धार सुरीला प्रत्येक बाजूने वीस अंशांच्या आसपास, कोयत्याला पंचवीस-तीस, ओल्या दगडावर आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर. हे पोलाद गंजतं, कांदा-लिंबू कापलं की निळं-काळं पडतं, घाबरू नका, तो थर गंजाला उलट थोडा अडवतो. वापरून झालं की पुसायची, खोबरेल तेलाचा हात फिरवायचा आणि चामड्याच्या म्यानात महिनोन्‌महिने कोंडून ठेवायची नाही, चामडं ओल धरतं.

कायद्याचं एका वाक्यात: घरकामाची, शेतीची अवजारं वेगळी, पण ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं इतर कामासाठी बाळगलं तर शस्त्र कायद्याची भानगड होऊ शकते, आणि यावल अभयारण्यात फिरायला जाताना सुरी घरीच ठेवा, तिथे परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही.

दोन्ही गोष्टी एकत्र येतात संध्याकाळी. वाळलेल्या बाभळीची अंगठ्याएवढी सरळ काडी घ्या, जमिनीवर टेकवा, सुरी जवळजवळ सपाट धरून वरून खाली ढलप्या काढा पण तोडू नका, टोकाला गुंडाळ्यांचा झुपका राहू द्या. पातं नेहमी अंगापासून लांब, मांडीवर काडी ठेवून कधीच नाही, मांडीत मोठी रक्तवाहिनी असते. असे तीन-चार झुपके झाले की कागद नको, रॉकेल तर नकोच. बुखारीत जाड लाकडं खाली, मधली त्यावर, झुपके सगळ्यात वर, आणि आग वरून लावा. आपल्याला उलटं वाटतं पण ज्वाळा धुराच्या वर असते म्हणून धूर जळून जातो, पाच मिनिटांत पाइप तापतो, ओढ धरतो. त्या वेळी हवा पूर्ण उघडी, नंतर हळूहळू कमी, पण निखारे जिवंत असताना पूर्ण बंद करायची नाही, नाहीतर तोच गॅस सांध्यांतून खोलीत येतो. म्हणून म्हणतो, शेवटचं लाकूड झोपायच्या दीड तास आधी.

राख सकाळी काढा, आणि प्लॅस्टिकच्या बादलीत किंवा गोणीत नाही, झाकणाच्या लोखंडी डब्यात, घराबाहेर, मातीवर. वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा तीन-तीन दिवस जिवंत राहतो. पूर्ण गार झाली की भाजीच्या वाफ्यांना थोडी थोडी टाका.

पत्र्याची उंची जमिनीपासून किती, आणि पाण्याची टाकी कोणत्या बाजूला आहे, तेवढं मोजून सांगा, मग पाइप किती फूट लागेल ते काढून देतो. आणि सुरी लोहाराला सांगायच्या आधी आपली मूठ कागदावर ठेवून चार बोटांची रुंदी आखून घ्या, त्याच्यापेक्षा अर्धा इंच लांब मूठ करायला सांगा.